तंबोरा कोणाचा?

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ पाहू नये, ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकू येते. म्हण चांगली आहे, पण तिचा उपयोग पुष्कळदा सोयीपुरता होतो. ज्याला चौकशीच नको असते तो ही म्हण पुढे करतो, आणि ज्याला चौकशी करून दुसऱ्याला खाली पाडायचे असते तो ती नेमकी विसरतो. कीर्तन आटोपल्यावर मंडळी पारावर बसली की कधी कधी एका शब्दावरून असाच घोळ निघतो. तो शब्द म्हणजे तंबोरा.

एक पक्ष म्हणतो, "तंबोरा हे तुंबरूचे वाद्य. नारदाच्या जोडीने देवसभेत गाणारा तो गंधर्व. त्याच्या हातातले ते तुंबर, त्याचाच तंबोरा झाला. म्हणून तर तो पवित्र." दुसरा पक्ष, त्यात बहुधा कॉलेजात जाणारी मुले असतात, तो हसून म्हणतो, "कसला तुंबरू आणि कसले काय! शब्द फारशी आहे, वाद्य परदेशातून आलेले आहे. तुम्ही उगीच देवाच्या गळ्यात बांधलेत." आणि मधल्या मध्ये एखादा साधा माळकरी, ज्याने चाळीस वर्षे वीणा गळ्यात घालून पहारा केला, तो विचारतो, "अहो, मग आमच्या गळ्यात होतं ते काय होतं?"

या लेखात आम्ही उत्तर देणार आहोत ते या तिसऱ्या माणसाला. पहिले दोघे वादात रमलेले आहेत; खरी शंका या तिसऱ्याची आहे. शंका अशी की, ज्या वस्तूला आपण नमस्कार करतो तिच्या नावाची कथा इतिहासाच्या कसोटीला उतरली नाही, तर नमस्कार खोटा ठरतो काय? आणि तिच्याच पोटात दुसरी शंका आहे: भक्ती वाढत असेल तर अशी कथा खरी म्हणून सांगत राहावे काय?

आधी शब्दाची हकीकत नीट पाहू. हकीकत न पाहता सिद्धान्त सांगणे म्हणजे तारा न जुळवता भजनाला बसण्यासारखे आहे.

तंबूर हा शब्द इराणात फार जुना आहे. मुसलमानी धर्म तेथे पोहोचण्यापूर्वीच्या सासानी राजवटीच्या भाषेतही तो सापडतो. इ. स. ९५० च्या सुमारास निवर्तलेला अल् फाराबी हा मोठा तत्त्वज्ञ. त्याने संगीतावर जो महाग्रंथ लिहिला त्यात बगदादी आणि खोरासानी अशा दोन तंबुरांचे वर्णन केले आहे. लांब दांडी, लहान पोट आणि दांडीवर बांधलेले पडदे असे ते वाद्य. त्यावर बोटे फिरवून सुरावट वाजवीत. हाच शब्द थोड्याफार फरकाने तुर्कस्तानात, कुर्दांच्या मुलखात, अफगाणिस्तानात, पार युरोपातल्या बोस्निया-क्रोएशियापर्यंत पसरलेला आहे. कझाक लोकांचे दोंब्रा हे वाद्यही याच गोतावळ्यातले. आपल्याकडे पाहावे तर अकबर बादशहाच्या दरबारातील गवई-वादकांची जी यादी अबुल फजलने आईने-अकबरीत दिली आहे, तीत हेरात आणि मशहद येथून आलेले तंबूर वाजवणारे वादक नावानिशी नोंदलेले आहेत. म्हणजे शब्द कोणत्या वाटेने आला हे पुरेसे स्पष्ट आहे.

आता तुंबरूचा पक्ष पाहा. तुंबरू गंधर्व पुराणांत आहेच, नारदाबरोबर तो गातो हेही खरे. परंतु जुन्या संस्कृत परंपरेत देवादिकांच्या वीणांची जी नावे दिली आहेत त्यांत नारदाची महती, सरस्वतीची कच्छपी आणि तुंबरूची कलावती. त्याच्या वीणेला त्याचेच नाव असते तर ते या ठिकाणी आले असते. शिवाय आपल्या देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. ज्ञानेश्वर माउलींच्या जन्माआधी थोडीच वर्षे, आणि आपल्याच भूमीत. त्यात एकतंत्री, किन्नरी, आलापिनी अशा वीणांची बारकाईने वर्णने आहेत. पण आज आपण ज्याला तंबोरा म्हणतो, तो चार तारांचा, सूर धरून राहणारा तंबोरा त्यात नाही. तेव्हा तुंबरूपासून तंबोरा ही जोड नंतरची. कान‌ाला जवळची वाटली, भोपळ्याला संस्कृतात तुंबी म्हणतात त्याचाही आधार मिळाला, आणि लोकांनी ती प्रेमाने स्वीकारली.

येथे ती कॉलेजातली मुले टाळी वाजवतील. त्यांनी जरा थांबावे. हकीकत अर्धीच झाली आहे.

शब्द बाहेरून आला, पण त्या शब्दाचे पुढे काय झाले? खोरासानच्या तंबुराला पडदे होते. येथे पडदे काढून टाकले. तेथे त्याचे पोट लाकूड कोरून केलेले, इवलेसे. येथे त्याला आपल्या मळ्यातला भला मोठा भोपळा लाभला. तेथे तो सुरावट वाजवी. येथे त्याने सुरावट सोडली आणि गाणाऱ्याच्या मागे उभे राहून नुसता सूर धरण्याचे काम पत्करले. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, शेवटची खर्जाची. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून जवारी काढायची, म्हणजे एका तारेतून अनेक सुरांचा झंकार उठतो. हे सूर धरून राहण्याचे व्रत त्याला या देशात मिळाले. नाव घेऊन आला एक, आणि काम करू लागला दुसरे. मग हे वाद्य कोणाचे म्हणायचे? नावावरून म्हणाल तर त्यांचे, कामावरून म्हणाल तर आपले, आणि घडवणाऱ्याच्या हातावरून म्हणाल तर आणखीच वेगळे उत्तर येते. त्याकडे पुढे येऊ.

आता याच्या उलट मौज वीणा या शब्दाची पाहा. वीणा हा शब्द तर निखळ वैदिक. ब्राह्मणग्रंथांत, उपनिषदांत तो आहे. अश्वमेधात वीणेवर गाथा गाणारे लोक असत. तेव्हा आपल्याला वाटते की वीणा म्हणजे अनादि कालापासून आपल्या दिंडीत आहे तीच. पण तसे नाही. चौथ्या शतकातील समुद्रगुप्ताच्या एका प्रसिद्ध सोन्याच्या नाण्यावर राजा मांडीवर वीणा घेऊन बसला आहे. ती वीणा धनुष्यासारखी वाकलेली आहे, तिला लांब सरळ दांडी नाही आणि प्रत्येक सुराला स्वतंत्र तार आहे. भारहूत, अमरावती येथील शिल्पांतही अशाच वीणा कोरलेल्या आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात सात तारांची चित्रा आणि नऊ तारांची विपंची सांगितली आहे. ते धनुष्याकृती वाद्य पुढे आपल्या देशात बहुतेक नाहीसे झाले. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, सौंग या नावाने ते अजून वाजते. वस्तू तिकडे राहिली आणि नाव इकडे. इकडे ते नाव आधी काठीला भोपळे बांधलेल्या वाद्यांना लागले, मग रुद्रवीणेला, दक्षिणेत सरस्वतीवीणेला, आणि आपल्या वारकरी मंडळींत तर ज्याला गवई लोक तंबोऱ्याचाच भाऊबंद समजतील त्या वाद्याला लागले. दिंडीतील वीणेकऱ्याच्या गळ्यातली वीणा घडणीने तंबोऱ्याच्या जातीची आहे, हे कोणीही डोळस माणूस पाहून सांगेल.

गंमत बघा. तंबोरा या शब्दात नाव परके आणि रूप आपले झालेले. वीणा या शब्दात नाव आपले आणि रूप पार बदललेले. दोन्ही एकाच वाद्यावर येऊन बसली आहेत, आणि त्या वाद्यावर ना फारशीचा राग ना वेदाचा ताठा. ते आपले सूर धरून उभे आहे.

आता विचार करू. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मातीच्या गोळ्याचा दृष्टान्त देतो. घट काय, रांजण काय, ही बोलण्यापुरती नावे. खरी ती माती. हा दृष्टान्त आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकतो. पण शब्दाच्या मुळाचा वाद निघाला की आपण तो विसरतो आणि नावालाच माती समजून बसतो. नाव फारशी म्हणून वस्तू फारशी, नाव वैदिक म्हणून वस्तू वैदिक! नाव आणि रूप दोन्ही वाटेत बदलत जातात, हे तर वेदान्ताचे पहिले पाऊल.

तर मग वाद्यात माती कोणती? ज्याला धरावे असे त्यात काय आहे? याचे उत्तर बृहदारण्यकात आहे, आणि योगायोगाने ते वीणेच्याच दृष्टान्ताने दिले आहे. याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो की, वीणा वाजत असताना बाहेर पसरणारे ध्वनी एकेक करून हाताने धरू गेलात तर धरता येणार नाहीत. वीणा धरा किंवा वीणा वाजवणारा धरा, म्हणजे ध्वनी धरला गेला. हा दृष्टान्त तेथे आत्म्याविषयी आहे. आम्ही तो आपल्या प्रश्नाला लावतो, तो असा. मूळ दोन प्रकारचे असते. एक मागचे मूळ: कोणत्या शतकात, कोणत्या देशात, कोणाच्या तोंडी. दुसरे आताचे मूळ: हा सूर या क्षणी कोठून उठतो आहे? मागचे मूळ शोधायला ग्रंथ, नाणी, शिल्पे लागतात, आणि ते शोधणे विद्वानांचे काम. आताचे मूळ शोधायला वाजवणाऱ्याकडे पाहावे लागते. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. रात्री दोन वाजता, सगळा गाव झोपलेला असताना, एकजण दुसऱ्याच्या पाया पडून ती गळ्यात घेतो आणि उभा राहतो. त्या वेळी त्या वीणेचे पावित्र्य कोठून येते? तुंबरूकडून? खोरासानातून? ते त्याच्या जागण्यातून येते. ज्या दिवशी तो तिला भिंतीला टेकवून डुलकी काढील, त्या दिवशी साक्षात नारदाने दिलेली वीणा असली तरी पहारा मोडलाच.

म्हणून त्या माळकऱ्याच्या पहिल्या शंकेचे उत्तर असे: बाबा, तुझ्या गळ्यात होते ते तुझे चाळीस वर्षांचे जागरण होते. शब्दाच्या मुळाने त्यात रुपयाची भर पडली नव्हती, आणि आता पैही कमी होत नाही.

आता दुसरी शंका, आणि ती अधिक अवघड आहे. कोणी म्हणेल, "मूळ कोठलेही असेना, असे तुम्हीच म्हणता, तर मग तुंबरूची कथा चालू राहिली म्हणून बिघडले काय? ऐकणाऱ्याचे मन देवाकडे लागते ना?"

याला आम्ही सरळ हो किंवा नाही म्हणणार नाही, कारण कथा सांगण्याचे दोन प्रकार आहेत. एका प्रकाराला निरुक्ती म्हणावे, दुसऱ्याला इतिहास. यास्काने निरुक्तात एकेका शब्दाच्या दोन-दोन, चार-चार फोडी दिल्या आहेत. त्या सगळ्याच एका वेळी इतिहास असू शकत नाहीत हे त्यालाही ठाऊक होते. शब्दात दडलेला भाव उलगडून दाखवणे हा त्याचा हेतू. शार्ङ्गदेवाने एकतंत्रीचे वर्णन करताना सांगितले की तिची दांडी म्हणजे शंभू, तार म्हणजे उमा, भोपळा म्हणजे ब्रह्मदेव, दोरा म्हणजे वासुकी. आता कोणी दांडी चिरून त्यात शंकर शोधायला जात नाही, आणि शंकर सापडला नाही म्हणून शार्ङ्गदेवाला खोटारडाही म्हणत नाही. ती भावना आहे, आणि भावना म्हणूनच सांगितली आहे.

आपल्या पांडुरंगाच्या नावाचेच उदाहरण घ्या. विटेवर उभा तो विठ्ठल, अशी फोड आपण करतो. ज्ञानाने शून्य असलेल्यांचाही जो स्वीकार करतो तो विठ्ठल, अशी संस्कृत फोड शास्त्री करतात. डॉ. रा. गो. भांडारकरांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात विष्णू या शब्दाचे कानडी वळण घेऊन विठ्ठल झाला असे मांडले. पुढे डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा मोठा ग्रंथ लिहून आणखी कितीतरी धागे उलगडले. यांपैकी कोणत्या ग्रंथामुळे आषाढीची बारी आखूड झाली? एकाही नाही. पहिल्या दोन फोडी भाव सांगतात, दुसऱ्या दोन शोध सांगतात. दोघांची भांडणे होतात ती कोणी एकाने दुसऱ्याचा अंगरखा घातला म्हणजे.

तेव्हा कीर्तनकाराने तुंबरूची गोष्ट सांगावी काय? खुशाल सांगावी. "हा तंबोरा पाहिला की आम्हांला तुंबरूची आठवण होते, तो देवापुढे गात होता, आपणही गाऊ," असे म्हणावे. यात खोटे काय आहे? पण "तंबोरा शब्द तुंबरूपासूनच आला, बाकीचे सांगतात ते धर्मद्वेष्टे," असे जर त्याने व्यासपीठावरून ठोकून दिले, तर त्याने भावाच्या अंगावर इतिहासाचा अंगरखा चढवला. त्याचे तीन अनर्थ होतात.

पहिला अनर्थ मुलांचा. घरातला पोरगा कीर्तनात एक ऐकतो, पुढे पुस्तकात दुसरे वाचतो. पुस्तकातले खरे आहे असे त्याला पटले की तो एवढाच विचार करून थांबत नाही की, महाराजांची एक व्युत्पत्ती चुकली. तो म्हणतो, तंबोऱ्याविषयी जर असे, तर नामाविषयी, संतांविषयी जे सांगितले तेही असेच असेल. एका शब्दाच्या हट्टापायी एक पोरगा दारातून परत जातो. खोट्या टेकूवर ठेवलेली भक्ती टेकू काढला की पडते, आणि टेकू कधी ना कधी निघतोच.

दुसरा अनर्थ सांगणाऱ्याचा स्वतःचा. परमार्थात सत्याला सवलत नाही. दुकानात मापात मारणे पाप, आणि व्यासपीठावर माहीत असून चुकीचे सांगणे मात्र पुण्य, असा दुटप्पी हिशेब हरीच्या दारी चालेल काय? श्रोता आपले मन उघडे टाकून समोर बसलेला असतो. त्याच्या विश्वासाचा असा उपयोग करणे हे मापात मारण्याहून वाईट, कारण गिऱ्हाईक निदान तराजूकडे पाहत तरी असते.

तिसरा अनर्थ सर्वांत मोठा. मूळ पवित्र म्हणून वस्तू पवित्र, असे एकदा मनात ठसले की तोच न्याय माणसांना लागतो. मूळ हलके म्हणून माणूस हलका! आणि मग आपल्या पंथाचे सारे मुसळ केरात. चोखोबांचे मूळ विचारले असते तर? मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेचे मूळ विचारले असते तर? श्रीगोंद्याचे शेख महंमद कोणत्या घरात जन्मले हे पाहून त्यांना दूर ठेवले असते तर? जन्मावरून मोल ठरवू नये म्हणून ज्या परंपरेने शतकानुशतके ऊन-पाऊस सोसला, तिनेच शब्दांचे जन्मदाखले तपासून त्यांना पंगतीत बसवावे किंवा उठवावे, हे शोभत नाही.

येथे ध्यानात घ्यावे की तुंबरूचा पक्ष आणि त्याला हसणारा पक्ष दोघे एकाच दोरीने बांधलेले आहेत. एक म्हणतो, मूळ दैवी म्हणून श्रेष्ठ. दुसरा म्हणतो, मूळ परके म्हणून तुमची श्रद्धा फोल. मोल मुळावर ठरते हे दोघांनाही मान्य! मोल मुळावर ठरतच नाही, असे म्हटले की दोघांचाही वाद जागच्या जागी मिटतो.

आता कोणी म्हणेल, "मग हे परके शब्द काढून टाकून शुद्ध शब्द वापरावेत." शिवछत्रपतींनी राज्यकारभारासाठी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून फारशी शब्दांना संस्कृत पर्याय दिले हे आम्हांला ठाऊक आहे, आणि त्या काळी राज्याला आपली भाषा देण्याचे ते मोठे काम होते. परंतु वारीच्या वाटेवर जरा कान देऊन चाला. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. तो चोपदार फारशी. पादुकांवर उन्हापासून आडोसा करणारी अब्दागिरी फारशी. पालखीच्या पुढे वाजतो तो नगारा अरबी. संध्याकाळी जेथे पाठ टेकायची तो मुक्कामही अरबी, आणि तंबू फारशी. हे सगळे शब्द गाळले तर वारी वाळवंटापर्यंत पोहोचायची कशी? नाथमहाराजांनी तर दरबारी अर्जाचा थाट उचलून देवाच्या दारी ‘अर्जदस्त’ लिहिली. त्यांच्याइतके संस्कृत जाणणाऱ्याला शुद्ध शब्द मिळाले नसते काय? पण लोकांच्या तोंडी जे आहे तेच देवाला वाहायचे, हा त्यांचा बाणा. शब्दाची शुद्धी तो कोणाच्या चरणी वाहिला यावर ठरते.

येवढे ऐकल्यावर एखादा चतुर श्रोता विचारील, "मोल जर मुळावर ठरत नाही, तर तुम्ही तरी येवढा वेळ मूळ कशाला शोधलेत? म्हण सांगते तसे गप्प का बसला नाहीत?"

प्रश्न रास्त आहे. मूळ शोधायचे ते मोल ठरवण्यासाठी नव्हे. ऋण कळावे म्हणून शोधायचे. आपल्या शास्त्राने माणूस जन्मतःच ऋणी मानला आहे: देवांचा, ऋषींचा, पितरांचा. ज्याला आपण कोणाचे किती देणे लागतो हे ठाऊक नाही, तो नकळत कृतघ्न होतो. तंबोऱ्याच्या बाबतीत हे देणे कोणाकोणाचे आहे ते मोजा.

खोरासानात कोणा अज्ञात माणसाने लाकडाच्या पोटावर तार ताणली, त्याचे. कुर्दांच्या मुलखात यारसान नावाचा एक पंथ आहे. त्यांच्या भजनात आजही तंबूरच वाजतो, आणि तो हातात घेताना ते त्याचे चुंबन घेतात. आपला वीणेकरी वीणा घेताना मस्तक टेकवतो, तसेच हे. त्यांना आपले नाव ठाऊक नाही, आपल्याला त्यांचे नाही. पण एकाच शब्दाचे वाद्य तेथेही देवासाठी उचलतात.

मग मिरजेचे देणे. एकोणिसाव्या शतकात मिरजेतील शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे कारागीर, तंतुवाद्यांच्या कामाकडे वळले. त्यांतील फरीदसाहेबांचे नाव आजही आदराने घेतले जाते. शस्त्रांची धार उतरली आणि त्याच हातांनी सूर चढवला. फारशीत सेह म्हणजे तीन. त्या तीन तारांवरून झालेली सतार आणि हा तंबोरा, दोन्ही त्यांनी अशी नावारूपाला आणली की २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला सरकारचे भौगोलिक मानांकन मिळाले. तारा जुळवायला बसणारा तो मुसलमान कारागीर दिवसचे दिवस कान लावून एका जवारीवर झिजत असतो. त्याच्या हातून आलेले वाद्य आपल्या सप्ताहात उभे राहते. हे माहीत असून जो कीर्तनकार त्या घराण्यांविषयी तोंडातून वेडेवाकडे काढतो, त्याने आधी गळ्यातली वीणा उतरवून मग बोलावे.

आणि शेवटचे देणे तर आपल्या पंढरीच्या मातीचे. तंबोऱ्याला लागणारे ते जाड सालीचे मोठे भोपळे पंढरपूरच्या आसपास भीमेच्या काठच्या रानांत पिकतात, तेथून ते वाळून मिरजेला जातात. ज्या भोपळ्याची भाजी होत नाही, कडू म्हणून ज्याला कोणी घरात घेत नाही, तो आतून पोखरून रिकामा झाला की सूर धरू लागतो. यात कोणाला काय घ्यायचे ते त्याने घ्यावे.

आता हिशेब करा. नाव इराणचे, भोपळा भीमाकाठचा, हात मिरजेच्या शिकलगारांचा, आदर वेदकालापासून चालत आलेल्या वीणेचा, आणि सूर ज्याच्या त्याच्या नामस्मरणाचा. यांपैकी एकाचे नाव लपवून दुसऱ्याचे मिरवणे म्हणजे पाच जणांनी मिळून केलेल्या अन्नदानावर एकट्याच्या नावाची पाटी लावणे.

म्हणून आमची विनंती अशी. कीर्तनकारांनी भाव सांगताना भाव म्हणून सांगावा आणि हकीकत सांगताना हकीकत म्हणून. "अशी कथा आहे" हे तीन शब्द जोडायला वेळ लागत नाही, आणि त्याने रसही उणा होत नाही. शिकलेल्या मुलांनी शोध अवश्य वाचावेत, पण आजोबांच्या हातातली वीणा हिसकून त्यांना व्युत्पत्ती शिकवू नये. वाटल्यास रात्रीचा एक पहारा स्वतः करावा आणि मग त्यांच्याशी बोलावे. आणि त्या माळकरी बाबांनी निर्धास्त राहावे. कोणी विचारले, "हे वाद्य कोणाचे?" तर सांगावे, "आणलं कुणी, पिकवलं कुणी, घडवलं कुणी. सगळ्यांचे उपकार आहेत बाबा. आत्ता पहारा माझा आहे."

वीणा आपल्याकडे कायमची कोणाचीच नसते. मागच्याने दिली म्हणून घ्यायची, पुढचा आला की त्याच्या पाया पडून त्याला द्यायची, मधल्या वेळात सूर ढळू द्यायचा नाही. शब्दांचेही असेच आहे. कोणाकडून घेतला हे लक्षात ठेवावे, आपल्या हाती असेतो तो खरेपणाने वापरावा, आणि पुढच्याच्या हाती देताना त्यात खोट घालू नये.

रामकृष्णहरि.